पुसलेली पेन्सिल

सीताफळं आली. केजच्या बसस्थानकासमोर हातगाड्या लागल्या, धारूरच्या डोंगरातून भरलेल्या टोपल्या उतरायला लागल्या, आणि माझ्या लॅबच्या पायरीवर रोज सकाळी कुणीतरी थुंकलेल्या काळ्या बिया सापडायला लागल्या. पूर्वी मी या दिवसांची वाट बघायची. आता पिकलेल्या सीताफळाचा वास आला की मला मळमळतं. परवा नवऱ्यानं हौसेनं आणलेली सीताफळं मी शेजारीपाजारी वाटून टाकली.

मळमळणं हा खरं तर माझा स्वभाव नाही. मी रक्त-लघवी तपासण्याची लॅब चालवते. लोक माझ्याकडे लोणच्याच्या बरणीतून, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून, एकदा तर चक्क जेवणाच्या डब्यातून नमुने घेऊन आलेले आहेत. झाकणं सैलच असतात. एका हातात कुणाचा तरी नमुना आणि दुसऱ्या हातात चहाचा कप घेऊन ही बाई निवांत उभी राहते, असं माझा नवरा पाहुण्यांना सांगतो आणि पाहुणे आपला चहा अर्धा ठेवून उठतात. पू, कफ, जंत, कशाचंच मला काही वाटत नाही. ती शरीराची कामं आहेत, त्यांत कुणाची लबाडी नसते. मला किळस आली ती फोटोंची. आणि आली तीही माझ्या लाडक्या छंदातून, म्हणून अजून जात नाही.

वडिलांचा जुना रोलचा कॅमेरा माझ्याकडे आहे. लॅबच्या फ्रिजमध्ये तपासणीच्या रसायनांशेजारी माझे फिल्मचे रोल असतात, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाहेर राहिलेला रोल वापरण्याआधीच म्हातारा होतो. फिल्म धुवायचं पाणी मी बर्फ घालून गार करते. ओली फिल्म चिमट्याला टांगून उजेडाकडे बघायची. त्यात माणसं उलटी दिसतात, काळ्या दातांची, पांढऱ्या केसांची, आणि तरी ओळखू येतात. पहिल्यांदा मी माझी फिल्म स्कॅन केली तेव्हा संगणकाच्या पडद्यावर आईच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू वरून खाली उतरत आल्या. मी खुर्चीतून उठून त्यांना हात लावला होता. त्या दिवशी मला वाटलं, आयुष्यभर दुसरं काही केलं नाही तरी चालेल.

मग 'रोलवाले' भेटले. बीड, अंबाजोगाई, संभाजीनगर, पुणे अशा ठिकाणची, अजूनही फिल्मवर फोटो काढणारी माणसं, आणि त्यांचा मोबाईलवरचा ग्रुप. सगळे पुरुष आणि मी एकटी. फिल्म कुठे स्वस्त मिळते, पाणी किती गार हवं, स्कॅनरच्या काचेवरची धूळ कशी काढायची, हे सगळं तिथे प्रेमानं सांगितलं जायचं. मी सुखात होते. फक्त त्यांची वाहवा करायची भाषा पहिल्यापासून कानाला खुपायची. पडकी भिंत आली की खाली लाल बदामाची खूण. सुरकुतलेली म्हातारी आली की त्याहून जास्त बदाम. "काय ग्रेन आहे!" असं म्हणायचं, म्हणजे फिल्मवर रव्यासारखे बारीक कण दिसतात त्याचं कौतुक. ती म्हातारी कुणाची कोण, जेवली का, हे कुणी विचारायचं नाही. आणि एक नियम होता: स्कॅन ज्याचा, फोटो त्याचा. जो तो स्वतःचे रोल स्कॅन करत होता तोवर हा नियम कुणालाच टोचला नाही. मलाही नाही.

दरवर्षी सीताफळाच्या दिवसांत सगळे लिंबागणेशला जमायचे. ग्रुपमधल्या एका मास्तरांचा तिथे मळा आहे, मळ्यात पत्र्याचं मोठं शेड. दारं-खिडक्या बंद करून भिंतीवर पांढरी चादर ताणायची आणि वर्षभराचे स्कॅन त्यावर बघायचे. बाहेर सीताफळांचा ढीग. पण सीताफळ खाल्लेल्या चिकट हातानं निगेटिव्हला किंवा कॅमेऱ्याला हात लावला तर मग धडगत नसे. मास्तरांची बायको दारात बादली आणि साबण घेऊन बसायची आणि एकेकाचे हात तपासून आत सोडायची. मला ते फार आवडायचं. कुठल्याही देवळात इतकं सोवळं मी पाळलं नसेल.

तीन वर्षांपूर्वीच्या सीताफळांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिची सुरुवात युसूफ वडगावच्या बाजारातल्या हमीदभाईंच्या स्टुडिओपासून करावी लागेल. आमच्या भागातल्या लग्नाळू पोरी फोटोसाठी तिथेच जायच्या. स्थळाकडे पाठवायचा 'दाखवायचा फोटो'. मागे रंगवलेला पडदा, शेजारी खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर एक हात. हमीदभाई तिरसट माणूस. "ए पोरी, हस मत, दात दिसायलेत," म्हणून ओरडायचे. फोटो काढून झाला की खरं काम सुरू व्हायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, तेव्हा चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे काचेसारखा आरपार दिसतो. हमीदभाई टोकदार पेन्सिल घेऊन तो डाग बारीक बारीक ठिपक्यांनी भरायचे. भरला, की छापलेल्या फोटोत डाग नाहीसा.

माझाही 'दाखवायचा फोटो' त्यांनीच काढला होता. त्यात माझ्या हनुवटीवरचा तीळ गायब होता आणि रंग दोन हात उजळ. मी भांडायला गेले होते. "तीळ माझा आहे, तुम्ही कोण काढणारे?" हमीदभाई म्हणाले, "बाई, लग्न झाल्यावर परत लाव." तेव्हापासून माझं ठाम मत होतं की हा धंदा खोटेपणाचा आहे.

हमीदभाई वारले. त्यांचा मुलगा सलीम फळं विकतो. स्टुडिओच्या खोलीत तो सीताफळं पिकवायची अढी लावायचा, खाली गवत, वर पोती. कोपऱ्यात निगेटिव्हच्या पेट्या. ग्रुपमधल्या पुण्याच्या अनिरुद्धला कुठून तरी त्यांचा पत्ता लागला आणि तो गाडी घेऊन आला. वाट दाखवायला मी बरोबर होते. जुनी फिल्म कुजायला लागली की तिला आंबूस वास येतो, व्हिनेगरसारखा. तो वास, आणि अढीतल्या जास्त पिकलेल्या सीताफळांचा गोड, दारूकडे झुकलेला वास. दोन्ही मिळून घशात बसले, ते अजून तिथेच आहेत. सलीम म्हणाला, "घेऊन जावा बाबा. अब्बाच्या मागं कुनी हात न्हाई लावला. मला अढीला जागा पुरंना." अनिरुद्धनं पेट्या छातीशी धरून नेल्या. तो खरंच हरखला होता, आणि मलाही वाटलं होतं की त्या चांगल्या हातात गेल्या.

दोनच दिवसांत मंगल लॅबमध्ये आली. मंगलचं बांगड्यांचं दुकान माझ्या लॅबला लागून आहे. माहेर युसूफ वडगावचं. डावा गाल, कान आणि मानेची बाजू भाजलेली. लहानपणी चूल पेटवताना रॉकेल भडकलं होतं. बोलायला एकदम मोकळी. गिऱ्हाइकाचा हात दाबून बांगडी चढवताना असं काही बोलते की दुखलेलं कळतही नाही. त्या दिवशी मात्र ती दारात घुटमळली.

"ताई, हमीदभाईच्या पेट्या तुमच्या लोकांनी नेल्या म्हनं?"

"हो. का गं?"

"माजा बी फोटू आसंल त्येच्यात. लग्नाआदीचा. तेवढा एक छापून द्या की."

छापलेली एकच प्रत होती, ती नवऱ्याकडे गेली. तिचा नवरा उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्यानं तो फोटो स्टिअरिंगपुढे काचेपाशी लावून ठेवला, आणि दोन-चार हंगामांत उन्हानं तो पार उडवला. "कुठं बी गेला तर मला म्होरं बसवून न्यायचा, आन् आसं पांढरं करून आनलं," असं सांगून ती हसली. आता मुलीचं, पूजाचं, लग्न ठरत होतं. पूजानं आईचा तरुणपणचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. तिला लग्नाआधी तो फोटो दाखवायचा, एवढंच मंगलला हवं होतं. मी म्हटलं, पंधरा दिवसांनी त्या पेट्या लिंबागणेशला येणार आहेत, चल माझ्याबरोबर, तूच शोधून काढ.

ती नवी साडी नेसून आली. सोबत पिशवीत बांगड्यांचे जोड, 'त्या सायबांच्या बायकांना' द्यायला. एसटीत सगळी वाट ती त्या फोटोबद्दल बोलत होती. गजरा कुणी माळला, साडी कुणाची मागून आणली, खुर्चीवर कुठला हात होता. मी ऐकत होते आणि खिडकीतून डोंगर बघत होते. पाऊस चांगला झाला होता, सगळीकडे पिवळी फुलं होती.

आम्ही पोचलो तेव्हा शेडमध्ये आधीच अंधार केलेला होता. मंगल पुढच्या सतरंजीवर बसली, मी तिच्या शेजारी. अनिरुद्धनं हमीदभाईंच्या निगेटिव्हचे स्कॅन दाखवायला सुरुवात केली. एकेक पोरगी खुर्ची धरून उभी. कुणाच्या कपाळावर देवीचे वण, कुणाचा ओठ फाटलेला, कुणाच्या हनुवटीला काळे डाग. मला आधी कळेचना की हे असं का दिसतंय. हमीदभाईंच्या हातून असा चेहरा कधी बाहेर पडलेलाच नव्हता.

"आता बघा," अनिरुद्ध म्हणाला, "हा माझा सगळ्यात आवडता."

चादरीवर मंगल आली. एकोणीस-वीस वर्षांची, गजरा माळलेली, खुर्चीवर हात ठेवलेली. आणि गालापासून मानेपर्यंत ती आक्रसलेली कातडी, दरवाजापेक्षा मोठी. कानाची चिकटलेली पाळी माझ्या डोक्याएवढी. फटीतून वारा आला की चादर हलायची आणि तिच्याबरोबर तो गालही हलायचा.

"काय टेक्स्चर आहे यार!" मागून कुणीतरी म्हणालं. "एकदम रॉ!" दुसरा म्हणाला. तिसऱ्यानं तर कमाल केली. "हा चेहरा म्हणजे अख्खा मराठवाडा आहे," असं तो म्हणाला आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या.

मंगलनं पदर गालावर ओढला. माझ्यासमोर तिनं तसं कधीच केलं नव्हतं. "ह्यो न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली. "ताई, ह्यो माजा फोटू न्हाई."

अनिरुद्धनं चादरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याला कळायला क्षण लागला आणि मग त्याचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा फुलला. "अरे, त्या इथंच आहेत!" कुणीतरी खिडकी उघडली. उजेड आला तसे दोन-तीन कॅमेरे वर झाले. "मावशी, जरा चादरीशेजारी उभ्या राहा ना. तेव्हाच्या आणि आताच्या. पदर काढा थोडा." हे सगळं अगदी गोड आवाजात, नमस्कार वगैरे करून. शिवी दिली असती तर मला इतकी शिसारी आली नसती. घरी न्यायला बाहेरच्या ढिगातलं एक सीताफळ मी पिशवीत घातलं होतं; अंधारात बसल्या बसल्या ते फोडलं होतं, खाल्लं नव्हतं, नुसतं चिवडलं होतं. तो बरबटलेला अख्खा पंजा मी सगळ्यात पुढच्या कॅमेऱ्याच्या काचेवर दाबला. मास्तर ओरडले. ओरडू देत.

मंगल उठली आणि सरळ अनिरुद्धपुढे जाऊन उभी राहिली. "हमीदभाईनं माज्या गालावर काम केलतं. ते कुठं गेलं?"

"काम? कसलं काम?" तो गोंधळला. "फिल्मवर काळं काळं फासलेलं होतं, तेच का? बऱ्याच निगेटिव्हवर होतं. घाण होती ती. स्पिरिटच्या बोळ्यानं सगळी पुसून काढली. फार वेळ गेला त्यात."

त्याला धुळीचा कण सहन होत नव्हता. आमच्यापैकी कुणालाच होत नाही; आम्ही एकमेकांना तेच शिकवत आलो, स्कॅन करण्याआधी निगेटिव्ह स्वच्छ पुसा. ही चूक फिल्मवर जीव टाकणाराच करू शकतो, रद्दीवाल्यानं केली नसती. मी त्याला पेन्सिलीबद्दल सांगितलं. मला वाटलं आता माफी मागेल.

"पण मग ते खोटंच होतं ना, ताई?" तो म्हणाला. "आता खरा चेहरा मिळाला. आणि मावशी, खरं सांगतो, तुम्ही यात किती सुंदर दिसता."

"खरं तोंड मला घरी हाय," मंगल म्हणाली. "रोज आरशात बगते. त्याला तुमची मशीन कशाला लागती? त्यो एक फोटू मी मागून घेतलता. हमीदभाईला म्हनलं, मी भाजले नस्ते तर कशी दिसले आस्ते, एकदा दावा. त्यानं दावलं. तुमी कावून पुसलं?"

चादरीवरचा चेहरा तसाच होता. प्रोजेक्टर बंद करायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी मी जाऊन वायर ओढली.

त्यानंतर मी या 'खऱ्या चेहऱ्या'बद्दल फार विचार केला. माझा तीळ हमीदभाईंनी मला न विचारता काढला, म्हणून मी भांडले, आणि आजही भांडेन. मंगलचा डाग त्यांनी तिनं मागितला म्हणून काढला. मला आता एवढाच फरक दिसतो, विचारलं की नाही विचारलं. अनिरुद्धनं कुणालाच विचारलं नाही, आणि वर त्याला सत्य म्हणाला. दुसऱ्याची जखम उघडी करून बघणाऱ्याला सत्य फार स्वस्तात मिळतं. माझ्याकडे येणारा प्रत्येक नमुना झाकलेला असतो आणि त्याचा अहवाल मी फक्त त्याच्या धन्याच्या हातात देते. हे मला शिकवायला कुठला कलावंत लागला नाही.

मंगलची निगेटिव्ह मी त्याच दिवशी काढून घेतली. परतीच्या एसटीत तिच्या मांडीवरच्या पिशवीत बांगड्या वाजत होत्या. त्या द्यायच्या राहूनच गेल्या होत्या. केजला आल्यावर मी संगणकावर प्रयत्न केला. डाग घालवणं आता अगदी सोपं आहे, माऊस फिरवला की गाल मैद्याच्या पोळीसारखा गुळगुळीत. मी तो छापून मंगलला दाखवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला. "ही कोन म्हनायची?" तिनं विचारलं. हमीदभाईंनी काय ठेवलं होतं आणि काय घालवलं होतं, ते आता तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तिला ते सांगता येत नव्हतं. पूजाचं लग्न झालं. फोटो तिनं पाहिला नाही.

म्हणजे हवा तो पाहिला नाही. नको तो पाहिला. अनिरुद्धनं तो स्कॅन ग्रुपवर टाकला होता; माझ्या आरडाओरड्यानंतर काढला, पण तोवर तो नेटवर पसरला होता आणि पूजाच्या सासरच्या कुणीतरी तिला तो पाठवला. 'ही तुझी आई ना?' मंगलनं हे मला बांगड्यांचे डबे लावता लावता, माझ्याकडे पाठ करून सांगितलं. मी ग्रुप सोडला. कॅमेरा विकला नाही, पण रोल फ्रिजमध्ये पडून आहेत.

आणि यंदा, सीताफळं यायला आणि अनिरुद्धचा फोन यायला एकच गाठ पडली. त्यानं पुण्यात प्रदर्शन भरवलं होतं, 'उघडे चेहरे' नावाचं. निगेटिव्ह मी नेली होती, स्कॅन त्याच्याकडेच होता. "ताई, जुनं मनात धरू नका," तो म्हणाला. "लोक सगळ्यात जास्त त्यांच्याच फोटोपुढं थांबले. काहीजण रडले. मी मोठी फ्रेम करून मावशींना पाठवलीय, दुकानाच्या पत्त्यावर. त्यांचा हक्कच आहे." माझ्या हातात त्या वेळी कुणाच्या तरी थुंकीची डबी होती. मी ती जपून खाली ठेवली, मग फोन कापला.

काल दुपारी मंगल लॅबमध्ये आली. फ्रेमची काच तिनं काढून दुकानात कपाटाला बसवली होती, चांगली जाड आहे म्हणाली. लाकडी पट्ट्या चुलीत गेल्या. उरला होता तो मोठा कागद. गुंडाळी करून, वर्तमानपत्रात बांधून तिनं तो आणला होता. खालच्या कोपऱ्यात अनिरुद्धची सही होती.

"फाडवंना, ताई. आपलंच तोंड कसं फाडावं? जाळावं तर पोरीला दिवस गेलेत, आत्ता घरात आसलं करू न्हाई. उकिरड्यावर टाकलं तर परत कुनाच्या हाती लागंल." ती थांबली. "तुमच्याकडं त्यो कचरा आस्तोय ना, रगताचा? गाडी येऊन नेती, आन् लांब नेऊन जाळत्यात. त्यात टाका."

माझ्या टेबलाखाली ती पिवळी पिशवी असते. रक्ताळलेले कापसाचे बोळे, पट्ट्या, वापरलेले हातमोजे. मी तिला म्हणाले, यात नको गं, मंगल. यात तुझा चेहरा नको. ती म्हणाली, "टाका वो. ते रगत तरी कुनाकुनाचं हाय, कोन बगतंय त्याच्याकडं."

मी हातमोजे घालायला घेतले आणि तसेच बाजूला ठेवले. कागद जाड होता. चेहरा आत जाईल अशी घडी घातली, परत एक घडी घातली, आणि पिशवीत बोळ्यांच्या खाली सारला. मंगल दाराकडे तोंड करून उभी होती. रस्त्यावर सलीमची गाडी चालली होती, तो सीताफळांचा भाव ओरडत होता.

"टाकलं?" तिनं न वळता विचारलं.

"टाकलं."

"गाठ गच मारा, ताई," ती म्हणाली. "परत कुनी उकलून बगाया नगं."